निवासी शाळेचं वेळापत्रक आणि ओजिब्वे लोकांचं वर्ष

उत्तररंग

अमेरिका-कॅनडातल्या मूलनिवासींच्या निवासी शाळांवर मराठीत लिहून येतं तेव्हा कापलेले केस, गणवेश आणि स्वतःच्या भाषेत बोललं की मार, एवढ्यावरच गाडी थांबते. ते सगळं झालंच. पण सुपीरियर सरोवराभोवतीच्या ओजिब्वे (ते स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात) लोकांच्या बाबतीत नेमकं काय तुटलं हे समजायला शाळेचं वेळापत्रक त्यांच्या वर्षाशेजारी मांडून बघावं लागतं.

त्यांचं वर्ष साधारण असं. मार्च सरता सरता कुटुंबं आपापल्या मेपलच्या रानात मुक्कामाला जात. रात्री गोठतंय आणि दिवसा वितळतंय तोवरच झाडाला रस येतो. बर्फ फुटला की वॉलाय आणि सकर हे मासे अंडी घालायला उथळ पाण्यात येतात, त्यांची रात्री मशाल लावून भाल्याने शिकार. विस्कॉन्सिनमधल्या लॅक डू फ्लॅम्बो या गावाला फ्रेंचांनी ते नाव दिलं ते या मशालींवरूनच. मे-जूनमध्ये मका, भोपळा, बटाटा लावायचा. जून-जुलैत भूर्जाची साल काढायची, कारण त्याच दिवसांत ती खोडापासून अखंड सुटते. मग ब्लूबेरी. ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तळ्यांतला जंगली भात, म्हणजे मनूमिन. ऑक्टोबर-नोव्हेंबरात व्हाइटफिशसाठी जाळी. पाणी गोठलं की दोन-चार कुटुंबांच्या छोट्या टोळ्या होऊन शिकार आणि सापळे. देवादिकांच्या मोठ्या कथा सांगायच्या त्याही जमिनीवर बर्फ असेपर्यंतच, उन्हाळ्यात नाही.

आता शाळा. मिशिगनमधली माउंट प्लेझंटची सरकारी शाळा 1893 ते 1934 चालली, लॅक डू फ्लॅम्बोची 1895 ते 1932. वर्ष सप्टेंबर ते जून. त्यातही सुरुवातीच्या काळात अनेक शाळांत मुलाला तीन किंवा पाच वर्षांसाठी नोंदवून घेत आणि मधल्या उन्हाळ्यातही घरी सोडत नसत. सोडलं तरी हाती काय उरतं? जुलै आणि ऑगस्ट. साल आणि बेरी. भात, साखर, वसंतातली मासेमारी, हिवाळ्यातले सापळे आणि कथा, सगळं घंटेच्या आत गेलं.

हे अनवधानाने झालं असं म्हणायला जागा नाही. गावातल्या दिवसाच्या शाळांची पटसंख्या साखरेच्या आणि भाताच्या दिवसांत कोसळायची, म्हणून अधिकारी वैतागलेले असत. कॅनडात निकोलस डेव्हिनने 1879च्या अहवालात साफ लिहिलं की दिवसाची शाळा चालत नाही, कारण तिच्यापेक्षा विगवामचा, म्हणजे घरचा, प्रभाव जास्त पडतो. तोडगा एकच निघाला: मूल घरापासून लांब ठेवा. अमेरिकेत 1891मध्ये सक्तीच्या हजेरीचा कायदा आला आणि 1893मध्ये मूल न पाठवणाऱ्या आईबापांचं रेशन आणि करारातली देणी रोखायची मुभा सरकारला मिळाली. कॅनडाने 1920मध्ये 7 ते 15 वयाला सक्ती केली.

जाणकारांनी भर घालावी.


कोरडवाहू

धागा आवडला. पण एक शंका. भाताची सुगी दोन-तीन आठवड्यांची. जुलै-ऑगस्टात पोर घरी असेल तर आजीला ते तोंडी शिकवता आलं नसतं का? आणि तसंही दहा वर्षांचं पोर त्या कामात कितीसं उपयोगी?


रानवाटा

@कोरडवाहू, उपयोगी किती ते टप्प्याटप्प्याने बघा.

नावेत दोघं. एकजण उभा राहून लांब दांड्याने नाव रेटतो. दांड्याच्या टोकाला बेचकं असतं, म्हणजे तो चिखलात रुतत नाही आणि मुळं उपटत नाही. वल्ही इथे चालत नाहीत, देठ मोडतात. दुसरा बसून सीडरच्या दोन हलक्या काठ्यांनी भात झाडतो: एका काठीने देठांची जुडी नावेवर वाकवायची, दुसरीने कणसावरून नुसतं फिरवल्यासारखं करायचं. मिनेसोटाच्या कायद्यात आजही या काठ्यांना मर्यादा आहे, लांबी 30 इंच आणि वजन 1 पौंड, म्हणजे अंदाजे 76 सेंमी आणि 450 ग्रॅम. कारण उघड आहे. कणीस वरून खाली पिकत येतं, सगळे दाणे एकदम तयार होत नाहीत. हलक्या हाताने पिकलेलेच पडतात, बाकीच्यांसाठी काही दिवसांनी पुन्हा यायचं. जोरात हाणलं की देठ मोडतो आणि पुढची सगळी खेप गेली. शिवाय वनस्पती वर्षायू आहे. जे दाणे पाण्यात पडतात तेच पुढच्या वर्षीचं बी, त्यामुळे नावेबाहेर पडलेला दाणा वाया गेला असं तिथे कुणी समजत नाही.

किनाऱ्यावर आल्यावर ओला भात ढिगाने ठेवायचा नाही. रात्रभरात आतून तापतो आणि बुरशी धरते. त्याच दिवशी भूर्जाच्या सालीवर (आता ताडपत्रीवर) पातळ पसरायचा, काड्या, पानं, अळ्या निवडायच्या. मग भाजणी. लोखंडी कढई तिरकी ठेवून, मंद आचेवर, थोडा थोडा घेऊन, लाकडी वल्ह्याने सतत हलवत. दाणा कडक व्हायला हवा आणि तूस ठिसूळ. लाह्या फुटायला लागल्या तर आच जास्त आहे. कमी भाजला तर तूस सुटत नाही आणि साठवणीत दाणा टिकत नाही.

मग मळणी, आणि तुमच्या पोराचा प्रश्न इथे सुटतो. जमिनीत लाकडी फळ्यांचं अस्तर लावलेला छोटा खड्डा, त्यात भाजलेला भात, आणि स्वच्छ मोकॅसिन घालून त्यावर पायांनी मळायचं. आधाराला बाजूने आडवी काठी बांधलेली असते. मळणारा हातांवर भार घेतो आणि पाय दाबून फिरवतो, नाचतो म्हणा ना. धपाधप पाय आपटले तर दाण्याच्या कण्या होतात. त्यामुळे या कामाला वजनाने हलका माणूस लागतो. मुलं! खड्ड्यात मूल उतरवणं हा पोरखेळ नव्हता, चांगल्या प्रतीच्या अखंड दाण्यासाठी तेच योग्य होतं. शेवटी भूर्जाच्या सालीच्या पसरट सुपात पाखडायचं.

हिरव्या 100 किलोचा तयार भात निम्म्याच्या आसपास उरतो, कधी त्याहूनही कमी. एका सप्टेंबरात मळायला पोरं नाहीत म्हटल्यावर घरच्या साठ्यावर काय परिणाम होईल याचा अंदाज करा.

आणि तोंडी शिकवण्याबद्दल: कोणतं तळं कधी उघडायचं हे जाणती माणसं बघून ठरवतात. दाण्याचा रंग, हात लावताच तो सुटतो का, वाऱ्याचा रोख. जुलैत हे दाखवायला तळ्यात दाणाच नसतो.


गवती चहा

@रानवाटा, कुसळांचं राहिलं. मनूमिनच्या कुसळाला बारीक उलटे काटे असतात. डोळ्यात किंवा घशात गेलं तर हलेल तसं आत सरकतं. म्हणून पूर्ण बाह्या, पायाशी बांधलेली विजार, आणि झाडताना तोंड मिटून. भातातल्या अळ्या चावतात ते वेगळंच. पूर्वी सुगीच्या आधी काही आठवडे बायका तळ्यात जाऊन देठांच्या जुड्या बासवूडच्या सालीच्या दोरीने बांधून ठेवत. वारा आणि पक्षी यांच्यापासून दाणा वाचायचा आणि कुठली जुडी कुणाच्या घरची तेही कळायचं. हे काम ऑगस्टातलं. म्हणजे सुट्टीत घरी आलेल्या मुलीला बांधणी बघायला मिळे आणि झाडणी नाही!


गूळपट्टी

साखरेवर थोडं. आपल्या गुऱ्हाळाची ज्यांना माहिती आहे त्यांना लगेच समजेल, फक्त रस फार पातळ. मेपलच्या साधारण 40 लिटर रसातून 1 लिटर पाक. साखर करायची तर त्याच्याही पुढे आटवायचं.

खोडाला तिरकी खाच, तिच्या खालच्या टोकाशी सीडरची चपटी पन्हळ ठोकायची, खाली भूर्जाच्या सालीची घडी घालून केलेली बादली. बादल्या भरतील तशा गोळा करून मोठ्या कढयांत उकळायच्या, तेही रात्रंदिवस, कारण रस साठवला की आंबतो. उतू जाऊ लागलं की देवदाराच्या जातीच्या झाडाची फांदी फेसावर फिरवायची, फेस बसतो. पाक दाट झाला की गाळून दुसऱ्या कढईत, त्यात हरणाच्या चरबीचा छोटा तुकडा. साखर मऊसर राहते. मग लाकडी डोणीत ओतून वल्ह्याने घोटायचं, रवाळ होईपर्यंत.

बिघडतं कुठे? डोणीत काढायला उशीर झाला तर कढईतच दगड होतो किंवा करपतो. लवकर काढला तर दाणा धरत नाही, चिकट राहतो, मग साच्यात ओतून वड्या नाहीतर बर्फावर ओतून चिक्कीसारखा खायचा. आणि झाडाच्या कळ्या फुगल्या की थांबायचं, त्यानंतरच्या रसाला उग्र वास येतो. ही साखर सालीच्या शिवलेल्या डब्यांत वर्षभर पुरवायची. मिठाच्या जागीही तीच, भातात आणि माशातसुद्धा.

मुलांची कामं: बादल्या गोळा करणं, रात्री आचेवर लक्ष, फांदी फिरवणं. पाक कधी उतरवायचा हे वल्ह्यावरून पडणाऱ्या धारेवरून ओळखतात. ते कितीही सांगितलं तरी कढईशी उभं राहिल्याखेरीज येत नाही, आणि एप्रिलमध्ये शाळा चालू.


शंकासुर

दुसरी बाजूही यावी. शाळा नकोच होती असं नव्हे. कॅनडा सरकार आणि ओजिब्वे यांच्यातला तह क्रमांक 3, ऑक्टोबर 1873, लेक ऑफ द वूड्सचा प्रदेश: त्यात राखीव जागेवर (मूलनिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर) शाळा द्यायचं वचन सरकारने दिलं आहे आणि लोकांना ते हवं होतं. ऑन्टारिओतल्या सू सेंट मरी इथली शिंगवॉक शाळा तर शिंगवॉक या ओजिब्वे प्रमुखांच्या घराण्याच्याच मागणीतून उभी राहिली. ऑगस्टीन शिंगवॉक 1871मध्ये टोरांटोपर्यंत गेला होता, शिकवणारं विगवाम, म्हणजे शाळा, मागायला. 1930च्या मंदीत घरात खायला नाही म्हणून आईबापांनी आपणहून पाठवलेली मुलंही कमी नाहीत. सगळं एकाच रंगात रंगवू नये.


उत्तररंग

@शंकासुर, बरोबर. पण मागणी काय होती ते नीट बघा. शिंगवॉकना इंग्रजी वाचता-लिहिता येणारी, व्यवहारात फसवली न जाणारी पुढची पिढी हवी होती, अनिशिनाबे राहूनच. 1873ची पहिली इमारत सहा दिवसांत जळाली, 1875मध्ये नवीन झाली, आणि पुढे ती इतर निवासी शाळांच्याच वळणावर गेली. बंद झाली 1970मध्ये.

याहून बोलकं उदाहरण ऑन्टारिओतल्या शोल लेक इथल्या ओजिब्वेंचं. तिथे प्रेस्बिटेरियन मिशनची सिसिलिया जेफ्री शाळा 1902मध्ये सुरू होताना गावच्या प्रमुखांनी लेखी अटी घातल्या. लहान मुलांना जड काम द्यायचं नाही. मोठ्यांना निदान अर्धा दिवस तरी वर्गात बसवायचं. आईबापांच्या परवानगीशिवाय बाप्तिस्मा नाही. पळून आलेल्याला धरायला पोलीस पाठवायचे नाहीत. आणि आपल्या धार्मिक उत्सवांसाठी मूल घरी न्यायची मोकळीक हवी, एका वेळी एकच, तेही ठरल्यापेक्षा जास्त दिवस ठेवणार नाही. आधी थोडी मुलं पाठवतो, नीट वागवलीत तर आणखी पाठवू. अडाणी लोकांनी शिक्षणाला विरोध केला ही कथा या अटी वाचल्यावर टिकत नाही. त्यांनी वाटाघाट केली होती. अक्षर हवं होतं, पण पोराचं वर्ष पूर्ण विकायची तयारी नव्हती. अटी पाळल्या गेल्या नाहीत, आणि 1929मध्ये शाळाच केनोराजवळ हलवली.


मुक्काम पोस्ट

केनोराचा विषय निघाला म्हणून उत्तर ऑन्टारिओबद्दल. तिथे भात कमी आणि सापळे जास्त. कुटुंब शरदात पाणी गोठायच्या आधी सापळ्यांच्या रानात जायचं, नाताळाच्या सुमाराला व्यापारी ठाण्यावर येऊन कातडी विकायची, परत रानात, आणि वसंतात बीव्हर-मस्करॅट हे केसाळ कातडीचे प्राणी पकडून मग उन्हाळ्यात सगळे ठाण्यावर एकत्र. म्हणजे शाळेच्या सुट्टीत मूल घरी यायचं तेव्हा घर रानात नसायचंच.

इथे सक्तीपेक्षा पैशाने जास्त काम केलं असं माझं मत. जुलै 1945पासून कॅनडात दर मुलामागे आईला दरमहा कुटुंबभत्ता मिळू लागला आणि तो शाळेच्या हजेरीशी बांधलेला होता. कातडीचे भाव उतरत होते. मग पर्याय दोन: मूल निवासी शाळेत, नाहीतर आई मुलांना घेऊन वस्तीवरच्या दिवसाच्या शाळेजवळ आणि बाप एकटा सापळ्यांवर. दुसरा मार्ग जास्त दयाळू, पण त्यातही रानातलं कुटुंब फुटतंच. एकट्या माणसाला कातडी सोलणं, ताणणं, लाकूड, स्वयंपाक सगळं करून पूर्वीइतके सापळे फिरता येत नाहीत, म्हणून फेऱ्या जवळच्या होतात आणि लांबचं रान सुटतं.

अंतराचा अंदाज यावा म्हणून: चॅनी वेंजॅक हा 12 वर्षांचा मुलगा ऑक्टोबर 1966मध्ये सिसिलिया जेफ्रीतून घरी जायला निघाला. घर ओगोकी पोस्टला, सुमारे 600 किमी. अंगात पातळ जाकीट. रेल्वेरुळाच्या कडेला थंडीने गेला.


कोरडवाहू

_/\_ हे माहीत नव्हतं.

शाळेत मुलं दिवसभर नक्की करायची काय? वर्गात तर अर्धाच वेळ म्हणताय.


गवती चहा

अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस काम. मुली धुलाई, इस्त्री, शिवण, स्वयंपाकघर. मुलगे शेत, गोठा, सुतारकी, बॉयलरला लाकूड. नाव व्यवसायशिक्षण, पण खरं म्हणजे या श्रमाशिवाय शाळेचा खर्चच भागत नसे. माउंट प्लेझंटला 320 एकर जागा होती, ती कसणार कोण? अमेरिकन सरकारसाठीच तयार झालेल्या 1928च्या मेरियम अहवालात दोन गोष्टी आहेत: एका मुलाच्या दिवसाच्या जेवणावर सरासरी 11 सेंट खर्च, आणि हे अर्ध्या दिवसाचं काम बहुतेक राज्यांच्या बालमजुरी कायद्यांत बसलं नसतं. मासे, भात, बेरी, शिकार यांवर वाढलेली मुलं पिठूळ, बेचव जेवणावर आणि गच्च भरलेल्या झोपायच्या खोल्यांत. क्षय आणि खुपऱ्या पसरल्या यात नवल काय. मूलनिवासींचा कारभार बघणाऱ्या अमेरिकन इंटीरियर खात्याच्या 2024च्या अहवालात 417 शाळांची नोंद आहे आणि किमान 973 मृत्यू निश्चित झाले आहेत.


शंकासुर

तरीही सगळं खापर शाळेवर फोडणं पटत नाही. पोरं शिकून परत आली असती तरी त्यांना तळं मिळालं असतं का? 1923मध्ये विस्कॉन्सिनात विजेसाठी धरण बांधून चिपेवा फ्लोएज हा जलाशय भरला, त्यात लॅक कोर्ट ओरेल या राखीव जागेवरच्या ओजिब्वे लोकांचं पोस्ट हे गाव, कबरी आणि भाताची तळी बुडाली. राखीव जागेबाहेर मासे मारले की राज्याचा वॉर्डन अटक करायचा, 1837च्या तहात शिकार, मासेमारी आणि भात काढण्याचा हक्क लिहिलेला असूनही.


रानवाटा

@शंकासुर, मुद्दा मान्य, आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेलं आहे. धरणाने भात का मरतो ते सांगतो. रोप 15 ते 90 सेंमी पाण्यात येतं. मेअखेर-जूनमध्ये पानं पाण्यावर आडवी तरंगतात, तेव्हा मुळांची पकड अगदी कच्ची असते. त्या दोन-तीन आठवड्यांत पातळी अचानक वाढली तर तरंगणारी पानं रोपाला मुळासकट वर ओढतात. त्या वर्षीचं पीक संपलं. धरणाचा दरवाजा चालवणाऱ्याच्या दृष्टीने 30 सेंमी काहीच नाही. बी चिखलात काही वर्षं टिकतं, त्यामुळे एका वाईट वर्षाने तळं मरत नाही, पण दरवर्षी असं झालं तर मरतं.

ही तक्रार लेखी, इंग्रजीत, वेळेवर करणारे लोक त्या गावांत होते का? काही होते, आणि ते शाळेतलेच होते. तोच शाळेचा उपयोग म्हणायचा. हक्कांचं म्हणाल तर 1983च्या फेडरल न्यायालयाच्या निकालाने विस्कॉन्सिनात ते परत मान्य झाले, आणि 1999मध्ये मिल लॅक्स या ओजिब्वे समूहाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी मिनेसोटात. 1983च्या निकालानंतर विस्कॉन्सिनात वसंतातल्या भालेमारीला नावेच्या धक्क्यांवर गोऱ्या जमावांनी दगड मारले, तेही याच शाळांच्या परिसरात.


गूळपट्टी

लॅक कोर्ट ओरेलला 2000 साली वादूकोदादिंग नावाची ओजिब्वे माध्यमाची शाळा सुरू झाली. तिथे साखरेचा तळ आणि भात हा अभ्यासक्रमाचाच भाग. रस किती, पाक किती, लाकूड किती हे गणित कढईशीच होतं. अडचण खऱ्या कामातली आहे: रस कधी सुरू होईल ते आधी सांगता येत नाही, आणि शाळेच्या बसची वेळ, परीक्षा, परवानग्या आधी ठरवाव्या लागतात. दोन वेळापत्रकांची कुरकुर संपलेली नाही. फक्त आता कोण कुणासाठी थांबतं ते बदललंय.


मिनेवासी

मिनियापोलिसकडच्या मंडळींसाठी उपयोगाचा प्रश्न. दुकानात वाइल्ड राइसच्या पिशव्या 5 डॉलरपासून 20 डॉलरपर्यंत असतात. तळ्यातला हाताने काढलेला कसा ओळखायचा? घरी केला तर तास झाला तरी शिजेना.


गवती चहा

@मिनेवासी, तासभर शिजत नाही तो बहुधा वाफ्यात पिकवलेला, यंत्राने कापलेला. दाणे एकसारखे, काळे कुळकुळीत, चकचकीत. मिनेसोटात अशा पिशवीवर पॅडी-ग्रोन छापणं बंधनकारक आहे, बारीक अक्षरांत शोधा. कॅलिफोर्नियाचा मालही तोच प्रकार. तळ्यातला, लाकडाच्या आचेवर भाजलेला भात तपकिरी, करडा, हिरवट असा मिसळीचा दिसतो, दाण्यांची लांबी कमीजास्त असते आणि वासात धूर असतो. पिशवीवर तळ्याचं किंवा राखीव क्षेत्राचं नाव, हाताने काढल्याचा उल्लेख असतो. किंमत जास्त का ते वर रानवाटांनी सांगितलंच आहे.

शिजवताना: दोन-तीन पाण्यांत धुवा, 1 वाटीला 3 वाट्या पाणी, उकळी आली की झाकण ठेवून मंद आचेवर. 15 मिनिटांनी बघा, बहुतेक 20 मिनिटांत होतो. दाणा टोकाला उमलला की बंद करा आणि उरलेलं पाणी गाळून घ्या, टाकू नका, सारात चांगलं लागतं. कुकरला लावू नका, फुटून लगदा होतो. मीठ शेवटी.


मिनेवासी

धन्यवाद. पिशवी बघितली, मागच्या बाजूला घडीखाली पॅडी-ग्रोन लिहिलंय. :)